पेनाच्या टोपणाची क्लिप हलते? गोंदाआधी घुंडी बघा

भाऊ, फेविक्विक लावू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यांचं काळं जाड शाईपेन आता तुमच्याकडे चाळीसगावला आहे. टोपणाची क्लिप डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे खिशाला लावलेलं पेन तिरकं होतं आणि वाकलं की पडतं. वरची घुंडीही थोडी हलल्यासारखी वाटते. शिवाय उन्हाळ्यात पेन दोन दिवस तसंच राहिलं की निब कोरडी पडते, पाण्यात बुडवल्याशिवाय उठत नाही. शेजाऱ्यांनी फटीत फेविक्विकचा थेंब सोडायला सांगितलंय. हे घरी होईल की जळगावला माझ्या दुकानात आणावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक घरीच होईल. माझा अंदाज असा की तुमच्या या तीन तक्रारी मुळात एकच आहेत.

काळं, जाड, वजनाला हलकं आणि घुंडी असलेलं पेन म्हणजे बहुधा एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, लेथवर कातलेलं. आपल्याकडे राजमहेंद्रीच्या रत्नम या पेन बनवणाऱ्यांच्या धर्तीची अशी पेनं पुष्कळ होती, आणि रेल्वेतले बाबू, शाळेतले मास्तर, मार्केट यार्डातले मुनीम यांच्या खिशाला तीच असायची. या पेनांची क्लिप टोपणाला चिकटवलेली नसते. क्लिपच्या वरच्या टोकाला एक कडी असते. ती कडी टोपणाच्या माथ्यावर बसते, तिच्यातून घुंडीचा आट्यांचा दांडा खाली टोपणात जातो आणि घुंडी पिळली की कडी मध्ये दाबली जाते. पार्कर कंपनीने १९१६ साली अशा कडीच्या क्लिपचं पेटंट घेतलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली तरी हातानं पेन कातणारे कारागीर आजही हीच रचना वापरतात, कारण ती उघडता येते आणि दुरुस्त होते. म्हणजे तुमच्या क्लिपला धरून ठेवणारी वस्तू घुंडी आहे, आणि सैल झालीय तीच.

आता निब का वाळते ते बघा. कातलेल्या टोपणाला माथ्यातून भोक पाडलेलं असतं आणि घुंडीचा दांडा ते भोक बंद करतो. घुंडी सैल झाली की त्या आट्यांमधून हवा खेळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. निबेवरची शाई सुकायला एवढी फट पुरते. खात्री करायची असेल तर टोपण साध्या पाण्यानं आतून धुऊन पुसा, उघडं तोंड ओठांवर ठेवा आणि हवा ओढा. टोपण ओठाला चिकटून राहिलं तर हवाबंद आहे. हवा सरळ येत राहिली तर वाट घुंडीतून आहे. फक्त एक बघून घ्या: काही जुन्या टोपणांना बाजूला बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. तसं असेल तर त्यावर बोट ठेवून ओढा. ते छिद्र बुजवू मात्र नका.

घुंडी सैल होते कशी, हेही समजून घ्या, नाहीतर दुरुस्ती टिकणार नाही. खिशाला पेन लावताना क्लिपचं शेपूट आपण वर उचलतो, तेव्हा वरची कडी प्रत्येक वेळी थोडी कलंडते आणि घुंडीच्या खालच्या कडेला घासते. वर्षानुवर्षं असं झालं की कडीची दाब देणारी बाजू झिजते. मग क्लिप फिरायला लागते, आणि फिरणारी कडी घासून घासून घुंडीलाही उलटी फिरवते. म्हणून हलणारी क्लिप तशीच ठेवली तर आपोआप आणखी ढिली होत जाते. दुकानात येणारे सांगतात, "भाऊ, आधी जराशी हालत होती, मंग एकदम ढिली व्हई गयी." ते खरंच तसं होतं. भर उन्हात मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेलं पेन तर यातून लवकर जातं, कारण एबोनाइट काय, सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लॅस्टिक काय, उष्णतेनं मऊ पडतं आणि दाबाखाली हळूहळू सरकतं.

आता फेविक्विकचं. तो पातळ असतो, फटीवर थांबत नाही, आट्यांत खोलवर ओढला जातो आणि घुंडी कायमची जाम करतो. वाळताना त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरी झाक येते. काळ्या पेनावर ती फार वाईट दिसते. एवढं करूनही तो क्लिपपाशी टिकत नाही, कारण वाळल्यावर ठिसूळ होतो आणि क्लिपला तर रोज हिसका बसतो. महिन्या-दोन महिन्यांत क्लिप पुन्हा हलायला लागते, पण आता घुंडी उघडत नाही. मग उरतं गोंद विरघळवणारं ॲसिटोन, आणि तुमचं पेन एबोनाइटचं नसून सेल्युलॉइडचं किंवा ॲक्रिलिकचं निघालं तर ॲसिटोनमध्ये टोपणच विरघळतं. माझ्याकडे कायमची खराब होऊन आलेली टोपणं बघितली तर त्यातली बरीचशी क्लिप तुटल्यामुळे गेलेली नाहीत, गोंदामुळे गेलेली आहेत.

म्हणून टोपण कशाचं आहे ते आधी ओळखा. कोरड्या अंगठ्यानं एका जागी जोरात चोळा, तापलं की लगेच वास घ्या. रबर-गंधकासारखा वास आला तर एबोनाइट. ते बनतंच रबर आणि गंधकापासून. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण त्यात कापूर असतो. काहीच वास आला नाही तर ॲक्रिलिक किंवा दुसरं प्लॅस्टिक. एबोनाइट गरम पाण्यात बुडवायचं नाही, काळा रंग जाऊन तपकिरी-शेवाळी होतो. उन्हात पडलं तरी तेच होतं. सेल्युलॉइडजवळ तर काडी, मेणबत्ती, गॅस काहीही आणायचं नाही. ते भडकन पेटतं आणि विझवायला वेळ मिळत नाही.

आता कामाला लागू. पेनातली शाई काढून टाका, टोपण धुऊन रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी चांगल्या उजेडात बसा, खाली पांढरं फडकं अंथरा, म्हणजे काही निसटलं तर दिसेल. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापा. एका तुकड्यात टोपण धरा, दुसऱ्यानं घुंडी धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. पक्कड नको. पकडीचे दात एबोनाइटवर उमटले की ते घालवायला पूर्ण घुंडी घासून पॉलिश करावी लागते. टोपण मुठीत आवळून धरू नका, विशेषतः तोंडाकडच्या बाजूला. तिथली भिंत पातळ असते आणि चीर तिथूनच जाते.

तुमची घुंडी आधीच हलतेय, म्हणजे बहुतेक सहज निघेल. अडली तर जोर लावायचा नाही. जुनी शाई आट्यांत वाळून बसलेली असते; घुंडीच्या मुळाशी पाण्याचा थेंब ठेवा, तासाभरानं पुन्हा बघा. तरी नाही तर हेअर ड्रायरची कोरडी ऊब द्या, टोपण फिरवत फिरवत, हाताला गरम लागेल पण धरवेल इतकीच. मूळ कारागिरानं आट्यांना लाख लावलेली असेल तर ती या उबेला नरम पडते. दोन-तीनदा ऊब देऊनही हलली नाही तर थांबा. ती कदाचित आट्यांची नसेलच, दाबून बसवलेली असेल. त्या वेळी माझ्याकडे आणा, किंवा जो कोणी पेनाचं काम नीट करतो त्याच्याकडे न्या.

घुंडी निघाली की क्लिप सुटून हातात येईल. आता भिंग घ्या आणि तीन जागा बघा. कडीच्या वरच्या बाजूला एका अंगाला चकचकीत अर्धचंद्र दिसेल. तिथेच घुंडी घासत होती. तो नुसताच चकचकीत असेल तर काळजी नाही. तिथे कडी धारेसारखी पातळ झाली असेल तर पुढे तुटणार हे समजा. दुसरं, टोपणाचा माथा. कडी जिथे बसते तिथे गोल खोबण पडलेली असते. खोबण सगळीकडे सारखी असेल तर ठीक, पण क्लिपच्या बाजूला खोल आणि पाठीमागे उथळ असेल तर कडी कायम तिरकी बसणार. तिसरं, घुंडीचे आटे. ते शाबूत असतील तर तुमचं अर्धं काम झालं.

जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या कोमट पाण्यानं आटे, कडी आणि माथा घासून काढा. एबोनाइटला पाणी कोमटच, कढत नाही, आणि लगेच पुसायचं. पितळेच्या कडीवर घामानं हिरवा थर चढलेला असतो, तो लाकडी टूथपिकनं खरवडून काढा. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावायचा मोह होईल, लावू नका. क्लिपवरचा सोनेरी मुलामा अतिशय पातळ असतो, एकदाच घासलं तरी खालचं पितळ वर येतं.

आता सगळं कोरडं करून, काहीही न लावता, कडी ठेवून घुंडी परत पिळून बघा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. आट्यांमधला कचरा निघाल्यामुळे घुंडी आधीपेक्षा पाव-अर्धा फेरा जास्त खाली जाते आणि कडी आवळली जाते. पिळताना क्लिप सरळ धरा, पण तिच्या शेपटाला नाही, मुळाशी, कडीला लागून. शेपूट धरून घुंडी पिळली की क्लिपला पीळ पडतो आणि तो नंतर सरळ होत नाही. टोपणावर वडिलांचं नाव कोरलेलं असेल तर क्लिप त्या नावाशी जुळवून घ्या. पेन खिशात असताना नाव समोर यायला हवं, ते कोरून घेणाऱ्याची इच्छा तीच असते. घुंडी पूर्ण बसली की बोटांना स्पष्ट कळतं, फिरणं एकदम थांबतं. त्यानंतर आणखी पाव फेरा मारायचा नाही. घुंडीचा दांडा आट्यांच्या मुळाशी तुटतो, आणि तुटलेला दांडा टोपणातून बाहेर काढणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत कठीण काम आहे.

घुंडी पूर्ण खाली बसूनही क्लिप हलत असेल तर झीज भरून काढावी लागेल. त्यासाठी कडीखाली एक पातळ चकती घालायची. जुन्या एक्स-रेची फिल्म यासाठी उत्तम, चिवट असते आणि जाडीला नेमकी. कागदाचं पंचिंग मशीन मधल्या भोकासाठी वापरा, मग बाहेरची कड कात्रीनं कापा आणि पॉलिश पेपरवर घासून कडीपेक्षा किंचित लहान करा, म्हणजे बाहेरून दिसणार नाही. पंचाचं भोक दांड्याला लहान पडलं तर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं मोठं करा. एक पुरली नाही तर दुसरी घाला, पण दोनाच्या पुढे जाऊ नका. आटे पुरेसे पकडणार नाहीत. खोबण एका बाजूलाच खोल असेल तर पूर्ण चकती उपयोगाची नाही. त्या बाजूला भरायला अर्धचंद्राकृती तुकडा लागतो आणि तो लाखेनं जागेवर धरून ठेवावा लागतो. इथे हात बसलेला नसेल तर दुरुस्तीला पाठवा, घाई नको.

लाख म्हणजे कुठली, तर सुतार लाकडाला पॉलिश करताना वापरतात तो चपडा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आमच्याकडे जळगावला सराफ बाजाराच्या आसपासही मिळतो. चिमूटभर चपडा छोट्या बाटलीत घालून तो बुडेल एवढंच स्पिरिट ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी मधासारखा दाट व्हायला हवा. पातळ झाला तर झाकण उघडं ठेवून स्पिरिट उडू द्या. काडीच्या टोकावर जेवढा येईल तेवढाच घुंडीच्या वरच्या दोन आट्यांवर लावा, पिळा, बाहेर आलेला लगेच कोरड्या फडक्यानं टिपा आणि दिवसभर हात लावू नका. स्पिरिटचं फडकं टोपणावर फिरवू नका. सेल्युलॉइड आणि काही प्लॅस्टिक त्यानं धुरकट होतात.

लाखेला मी इतका धरून आहे त्याचं कारण साधं आहे. ती घट्ट धरते, फट बुजवून हवा अडवते, आणि पुढच्या माणसाला ऊब देऊन उघडता येते. तुमच्या वडिलांचं पेन उद्या तुमची मुलं वापरतील. तेव्हा घुंडी परत उघडायची वेळ येणारच आहे. जगभर जुनी पेनं दुरुस्त करणारे लाखच वापरत आले आहेत. ही वस्तू आपल्याकडे सुताराच्या पिशवीत आणि सोनाराच्या पाटावर कायम असते, आणि तरीही लोक फेविक्विकच्या ट्यूबकडे हात नेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्लिप सरळ उभी राहते पण कापड धरत नाही, अशी तक्रार असेल तर प्रश्न घुंडीचा नाही, क्लिपच्या ताणाचा आहे. क्लिपच्या टोकाची गोळी टोपणाला जेमतेम टेकलेली हवी. पोस्टकार्ड आत सरकवलं तर थोडं अडलं पाहिजे. आजकाल जीन्सच्या किंवा जाड खादीच्या खिशाला पेन अडकवतात, वर मोबाइलही त्याच खिशात, त्यानं क्लिप फाकते. ती टोपणावर असताना खाली दाबून वाकवू नका. सगळा जोर टोपणाच्या माथ्यावर येतो आणि माथा चिरतो. आधी घुंडी काढा, क्लिप सुटी करा, मग चपट्या तोंडाच्या पकडीच्या दोन्ही जबड्यांना कातडं किंवा सुती पट्टी गुंडाळून कडीजवळचा बाक अगदी थोडा वाढवा. मधल्या लांबीत वाकवायचं नाही, तिथे कोन पडतो. एकदाच ठरवून वाकवा. पुढे-मागे करत बसलात तर पितळ कडक होऊन तडकतं. आणि तापवून मऊ करायचा विचारही नको, तापवलं की क्लिपमधली स्प्रिंग निघून जाते आणि ती कायमची मेंगळट होते.

तुमच्याकडे दुसरी पेनं असतील म्हणून थोडं त्यांचंही सांगतो. धातूच्या टोपणाच्या पुष्कळ पेनांत वरचा छोटा मणी फिरवून निघतो आणि त्याखाली खाच असलेला पितळी स्क्रू असतो. खाचेत बरोबर बसेल अशा रुंद स्क्रूड्रायव्हरनं तो आवळला की झालं. काहींत हा स्क्रू टोपणाच्या आत तळाशी असतो, त्याला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि आधी टॉर्च मारून खाच आहे का ते बघायचं असतं. जुन्या परदेशी पेनांमध्ये, शेफर कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत, क्लिपच्या पाकळ्या टोपणाच्या फटीतून आत गेलेल्या असतात आणि आतली दुसरी टोपी त्यांना दाबून धरते. ती आतली टोपी ओढून काढायला वेगळं हत्यार लागतं. घरी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला गेलात तर टोपणाच्या तोंडाला चीर जाईल. वॉटरमन कंपनीने १९०५ साली टोपणावर पक्की बसवलेली क्लिप आणली, तिला रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळी, असत. असं एखादं पेन कोणाच्या घरी निघालं तर त्याला हातोडी लावू नये, जुनं एबोनाइट ठोका सहन करत नाही. आणि आताच्या स्वस्त पेनांत क्लिप टोपणाबरोबरच ओतलेली किंवा खाचेत दाबलेली असते. ती तुटली की टोपणच बदलायचं.

लेथवर कातलेल्या पेनाबद्दल आणखी एक महत्त्वाचं. त्याची घुंडी त्याच टोपणासाठी कातलेली असते. दुसऱ्या पेनाची घुंडी आटे जुळल्यासारखे वाटले म्हणून पिळू नका. अर्धा फेरा बसते आणि मग आटे खाऊन टाकते. घुंडी हरवली असेल तर नवी कातून घ्यावी लागते, आणि त्यासाठी टोपण प्रत्यक्ष समोर असावं लागतं, मापं फोनवर सांगून चालत नाही.

तेव्हा आधी ओठांवर ठेवून हवा ओढून बघा, मग घुंडी काढा, स्वच्छ करा आणि नुसतीच आवळून बघा. चकती आणि लाख यांची गरज कदाचित पडणारही नाही. माथ्याला केसासारखी बारीक चीर दिसली, आटे गुळगुळीत झालेले दिसले किंवा कडी धारेसारखी पातळ असली तर पुढे काही न करता पेन पाठवून द्या. पाठवताना शाई पूर्ण काढा, क्लिप, घुंडी आणि निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी मोडलेली चकतीसुद्धा, वेगळ्या छोट्या पिशवीत घाला. पेन कडक नळीत ठेवा, नुसत्या पाकिटात नको. आणि चिठ्ठीत लिहा की घुंडीला आजवर काय काय लावलं होतं. शेजाऱ्यांनी खरंच थेंब सोडला असेल तर तेही लिहा, कारण त्यावरून मी ऊब कशी आणि किती द्यायची ते ठरवतो.